नायकू म्हणला, घट्ट हाय

ऐका. जरा पुढं सरका, मला आता ओरडून सांगवत न्हाई. आणि ए सुभ्या, ती बॅटरी बंद कर, माझ्या तोंडावर काय मारतोस? माझी गोदा असती तर आतनंच म्हणली असती, सुरू झालं का म्हाताऱ्याचं पुन्हा. जन्मभर माझी गोष्ट मधीच तोडली तिनं. आता तोडायला कोण न्हाई. तवा ऐका.

केरबा पोवार तुमाला ठाऊक न्हाई, तुमच्या आधीचा माणूस. त्याचा एक ट्रक हुता, जुना, लांब नाकाडाचा. तो आणि धाकटा भाऊ नायकू, दोघं मिळून चालवायचे. इथनं कौलं भरून कोकणात न्यायची, येताना चिरा आणायचा. माझं चहाचं हॉटेल तवा फाट्यावर हुतं. फाट्यावरनं उजवीकडं नवा रस्ता, डावीकडं उंबरजाईचा जुना घाट.

त्या भावाभावांची एक रीत हुती. घाट कुठलाबी असो, उतरायच्या आधी माथ्यावर गाडी थांबवायचीच. चाकांना दगड लावायचे. मग एकजण वर स्टेअरिंगवर, एकजण गाडीखाली. आता गाडीखाली काय? तर स्टेअरिंगपासनं पुढच्या चाकांपतुर लोखंडी दांडे गेलेले असत्यात, आणि दांड्याच्या टोकाला जॉइंट. वाटीत गोळा बसवलेला. तो झिजला की गोळा वाटीत नाचतो. एखाद्या वळणावर सुटला, की तुमी स्टेअरिंग फिरवताय इकडं आणि चाक चाललंय दरीकडं. बोंबला मग. म्हणून खालच्यानं जॉइंटवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, हलव. वरच्यानं स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचं. हाताला कळतं झीज किती हाय ते. आणि मग अदलाबदल. वरचा खाली, खालचा वर. एकाच्या हातावर भरवसा ठेवायचा न्हाई, सख्खा भाऊ असला तरी.

नायकू तर असला किरकिऱ्या, की घट्ट हाय हा शब्द त्याच्या तोंडातनं कधी निघाला न्हाई. दादा, वाजतंय. दादा, ग्रीस संपलंय. दादा, तूच ये खाली, माझ्या हाताला पटत न्हाई. केरबा चिडायचा, चार शिव्या द्यायचा, पण खाली जायचा.

तर नायकू मेला. घाटात न्हवं, घाटाचा काय संबंध न्हाई. गोठ्यात वैरण काढताना पान लागलं त्याला. रातच्याला नाव घेत न्हाई मी त्या जनावराचं, समजून घ्या. दवाखान्याच्या वाटंवरच गेला. मागं बायको शेवंता आणि तान्ही पोरगी.

केरबा रडला न्हाई. माती देऊन आला, रडला न्हाई. दहावं झालं, बारावं झालं, डोळ्यात टिपूस न्हाई. लोक म्हणायचे, धीराचा गडी. धीर कसला आलाय! बधिर झालता तो. ताट वाढलं तर जेवायचा, न्हाई वाढलं तर न्हाई. आणि नायकू गेला, हे तोंडानं कधी म्हणला न्हाई. कुणी परगावच्यानं विचारलं, नायकू कुठाय, तर म्हणायचा, आज आला न्हाई.

गाडी मातर चालू ठेवली, एकट्यानं. आता एकट्यानं जॉइंट कसा बघायचा? शेवंता म्हणली, भाऊजी, मी येते, मी बसते वर. ह्यानं ऐकून न ऐकल्यागत केलं. नायकूच्या सीटवर नायकूची घोंगडी घडी करून ठेवलेली, तिथं कुणाला बसू देईना. स्टेअरिंग ढिलं पडत चाललेलं. मिस्त्री म्हणला, केरबा, हे लक्षण बरं न्हाई, खोलून बघू. हा म्हणला, बघू. आणि निघून गेला.

एके दिवशी नव्या रस्त्यावर दरड आली. दिवेलागण होऊन गेलेली, आणि ह्याची कौलांनी भरलेली गाडी माझ्या दारात. मी म्हणलं, जुन्या घाटानं रातचा जाऊ नगं, पड हितंच. गोदा आतनं हात पुसत आली, तिनं तर फैलावरच घेतलं त्याला. तुझ्या म्हाताऱ्या आईला तू एकटा राहिलायस, ती तान्ही पोर तुझ्या तोंडाकडं बघून हाय, मरायला चाललायस काय? केरबानं चहा पिला. हूं म्हणला. आणि गाडी डावीकडं घातली.

माथ्यावर आला आणि गाडी थांबवली. का थांबवली, त्याला ठाऊक न्हाई. पाय आपला ब्रेकवर गेला. इंजिन बंद केलं, हँडब्रेक वढला, उतरला, चाकांना दगड लावले. सगळं सवयीनं. आणि मग उभाच राहिला. पुढं काय करायचं ते कळंना. काळोख असा, की आपला हात आपल्याला दिसत न्हाई. रातकिडासुद्धा वाजत न्हवता.

आणि गाडीखालनं हाक आली.

"दादा."

आता बघा, रातच्याला एका हाकेला ओ द्यायची नसती. तीन हाका येऊ द्यायच्या, मग तोंड उघडायचं. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. केरबाला ठाऊक न्हवतं? हुतं की. तरी त्यानं ओ दिली.

"वर बस, दादा. हलव."

नायकूचाच आवाज. थोडा घोगरा, तसाच. केरबा मला मागनं सांगत हुता, तात्या, मला भ्याव वाटलं न्हाई. आनंदबी झाला न्हाई. वाटलं, आलाय तर बरं झालं, काम उरकंल. वर चढला, स्टेअरिंग धरलं, हलवलं. खालनं आलं, बास. मग पाठ मातीवर घासत दुसऱ्या बाजूला गेल्याचा आवाज. पुन्हा हलव. पुन्हा बास. मग खालचा म्हणला,

"घट्ट हाय, दादा. सगळं घट्ट हाय. चल, उतरू."

कळलं का काय झालं ते? तुमाला कळलं, त्याला कळलं न्हाई. त्याचं डोकं जाग्यावर हुतं कुठं! दगड काढायला उतरलासुद्धा तो. दगडाला हात घालणार, तेवढ्यात अंगाला रीत आठवली. म्हणला, थांब, मी येतो खाली. तू वर जा.

  खालनं आलं, "कशाला, दादा? मी बघितलंय की."

रीत हाय, म्हणला केरबा, आणि वाकला. हात घालून चाचपलं, गाडीखाली कोण न्हाई. आणि त्याच टायमाला वर केबिनचा दरवाजा धाडकन लागला. मघाशी खाली, आता वर. बाहेर निघाल्याचा आवाज न्हाई, चढल्याचा आवाज न्हाई. दुसरा कोण असता तर तिथनंच पळाला असता. हा गडी पाठीवर झोपून आत सरकला. पाय बाहेर, मागच्या चाकाच्या वाटंत. हात डाव्या जॉइंटवर ठेवला आणि म्हणला, हलव.

वर स्टेअरिंग हललं. आणि जॉइंट त्याच्या मुठीत उड्या मारायला लागला. पडायला आलेला दुधाचा दात जिभंनं ढकलला की कसा हलतो, तसा. खट. खट. खट. एक वळण टिकला असता, फार तर दोन. केरबाचा हात तिथंच राहिला. त्याच्या मनात एकच आलं, की ह्यावर हात ठेवून नायकू घट्ट म्हणायचा न्हाई. नव्या कोऱ्या जॉइंटला म्हणला न्हाई कधी.

"घट्ट हाय न्हवं, दादा?" वरनं. गोड आवाजात.

केरबानं जॉइंट मुठीत आवळून धरला.

"बोल की. मग जाऊ. मी एकटाच हाय हितं."

आणि तवा केरबा बोलला. आईपुढं बोलला न्हाई, शेवंतापुढं बोलला न्हाई, ते गाडीखाली उताणा पडून बोलला.

"नायकू मेला, रं."

स्टेअरिंग थांबलं. आणि हँडब्रेक सुटला, कर्रर्र करून. अख्खी गाडी हलली. मागचं चाक केरबाच्या मांडीला येऊन टेकलं, रबराचा वास नाकात, आणि पुढचं चाक दगडावर चढलं. चढलं, थरथरलं, मागं बसलं. पुन्हा चढलं. वर ते स्टेअरिंग गरागरा फिरवतंय, दगड चुकवायला बघतंय, आणि हा कोपरावर सरपटत बाहेर. सदरा फाटला, मांडीचं सालटं निघालं, चपला तिथंच राहिल्या. उठला आणि चढावर पळत सुटला. मागनं हाका. दादा, थांब. दादा, मला एकट्याला सोडून चाललास?

आता भ्यालाय गडी. पहिल्यांदा भ्यालाय. आणि भीतीच्या मागनं बाकीचं सगळं आलं, इतके दिवस कुठं अडकलं हुतं कोण जाणं. पळत पळत मोठ्यानं रडत हुता. आमाला हॉटेलात ते रडणं आधी ऐकू आलं आणि माणूस मागनं दिसला. गोदानं मांडीला हळद भरली, भरताना शिव्या दिल्या, आणि शिव्या देता देता तीबी रडाय लागली.

सकाळी मिस्त्रीला घेऊन आमी वर गेलो. गाडी तिथंच, चाक दगडाला टेकलेलं. दोन्ही दरवाजे आतनं बंद, मिस्त्री खिडकीतनं आत शिरला. मग खाली जाऊन त्यानं डाव्या जॉइंटवर हातोडीचा एकच ठोका घातला. दांडा सुटला आणि लोंबायला लागला. 

केरबानं सीटवरची घोंगडी घरी नेली. नवा जॉइंट बसवला, आणि तवापासनं शेवंता वर बसायला लागली. नुसती वर न्हवं, लुगडं खोचून गाडीखालीबी जायची, रीत म्हणजे रीत. गावानं नावं ठेवली. ठेवू देत, गावाला काय काम हाय दुसरं?

म्हणून सांगतो, उंबरजाईच्या घाटानं जाऊ नका. नवा रस्ता लांब पडतो, पडू दे. तिथं कुणाचं भूत हाय मला ठाऊक न्हाई. ज्याचं माणूस गेलंय, त्याला त्याच माणसाच्या आवाजात बोलवतं. आवाज बरोबर काढतं. स्वभाव जमत न्हाई त्याला.

हसू नगं, सुभ्या. गोदाचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी अंधार पडताना मी फाट्यापतुर गेलतो. सहजच. हॉटेलाची भिंत पडलीया आता. माघारी वळलो आणि घाटाकडनं हाक आली. अहो, या की. सावकाश या, कायबी घाई न्हाई.

तिचाच आवाज. आणि उभ्या जन्मात ती मला सावकाश या म्हणली न्हाई. मी ओ दिली न्हाई, तडक घरी आलो. पण तो आवाज अजून एकदा ऐकावा वाटतो, खोटं कशाला बोलू? तवा पोरांनो, मी कधी अंधार पडताना काठी घेऊन फाट्याकडं निघालेला दिसलो, तर मला काय विचारत बसू नका. हाताला धरा आणि घरी आणून सोडा.