बेचव गोळी

मोजा, ताई, सावकाश मोजा — अठ्ठावीस उरायला हव्यात ना? अठ्ठावीसच निघतील. पाच महिने दर महिन्याला येऊन मोजताय, एकदा तरी चुकल्या? माझा माणूस चक्कर येऊन पडला, खुबा मोडून तिकडे दवाखान्यात आहे, दोन शब्द बोलतो आणि परत गुंगीत जातो, मी दिराला त्यांच्याजवळ बसवून नुसती साडी बदलायला घरी आलेय — आणि तुम्ही माझ्या ओट्यावर गोळ्या मोजत बसलाय! काय म्हणावं तुमच्या त्या औषधाच्या अभ्यासाला! हे एक आणि तुमची ती वही एक. "इतर औषधे — नाही." दर आठवड्याला मीच लिहिलंय, माझंच अक्षर आहे, वाचा की.

परत तेच? दुसरं काही घेत होते का! सांगितलं ना, नाही. रक्तदाब इतका का उतरला ते डॉक्टरांना कळत नाही, तर त्यात माझी काय चूक? मोठमोठी यंत्रं आहेत तुमच्याकडे, त्यांना विचारा. पहिल्या दिवशी तुमचे मोठे डॉक्टर किती गोड बोलले होते — म्हणे कंपवात का होतो, तर मेंदूत एक प्रथिन असतं, ते एकमेकाला चिकटून त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्या होऊ न देणारं औषध नवं शोधायला वीस वर्षं जातील, म्हणून आम्ही जुनीच औषधं तपासून बघतोय. आणि ते जुनं औषध कुठलं, तर खोकल्याचं! मला हसूच आलं. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली मी, ताई — ते औषध मी पोत्यानं विकलंय. झोपेतसुद्धा ओळखेन. कडूजहर.

आणि मग म्हणाले, अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, कुणाला कुठली ते आम्हालाही माहीत नसतं. वा रे वा! घड्याळजी माणूस हो आमचे हे — तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचे, आता शर्टाचं बटण लागत नाही. आणि त्यांना खडू खायला घालणार? हे मात्र भोळे सांब! सही केलीय ना, मग शब्द पाळायचा. सकाळी आठ म्हणजे आठ, घड्याळ समोर ठेवून स्वतः गोळी घ्यायचे. तीन महिने बघितलं मी. ढिम्म फरक नाही. मग एकदा तुमची गोळी चाटून पाहिली — हो, चाटली! मग त्यांनाच दिली, वाया नाही घालवली. काही चव नाही. पाण्यासारखी. म्हणजे झालंच ना सिद्ध? माझ्या नवऱ्याच्या वाट्याला खोटी! मग मी काय हातावर हात ठेवून बसायचं? औषध साधं, दुकान माझ्या ओळखीचं, चहा तर दिवसातून तीनदा मीच करते —

हं? नाही, काही नाही. चहा करते म्हटलं. चहा करणं गुन्हा आहे का?

अशा बघू नका माझ्याकडे. हो, घातल्या! कुटून घातल्या! तुम्ही खोटी द्याल तर बायको खरी देईल, त्यात काय बिघडलं? "चहा कडू झालाय गं," म्हणायचे, तर मी खेकसायचे — तुमच्या जिभेचीच चव गेलीय, मुकाट्यानं प्या! आणि प्यायचे बिचारे. तुम्ही खरी दिली असती तर ही वेळच...

काय?

कुणाला कुठली गोळी ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं? कधी — काल रात्री? आणि?

नाही. नाही हो. मी चाटली ना ती. वरून लेप असतो म्हणजे? दोन्हींना? कळू नये म्हणून? मी फक्त चाटली, ताई... चावली नाही. तीस वर्षं काउंटरवर — आणि चावून नाही बघितली मी.

म्हणजे तुमचीही खरी, माझीही खरी.

आज सकाळी दवाखान्यातला चहा पाजला त्यांना, चमच्यानं. जरा डोळे उघडले, म्हणाले, "इथला चहा छान आहे." मला राग आला हो. इतका राग आला की कप तसाच ठेवून घरी निघून आले.

लिहा. सकाळच्या चहात पाच गोळ्या, दुपारी पाच, रात्री पाच. सात आठवडे. शेवटच्या परवा रात्री, पडायच्या आधी. गोळ्या कसल्या मोजताय अजून? ठेवा ती बाटली! डॉक्टरांना फोन लावा. आधी फोन लावा, ताई!