आंब्याला जामीन

तुम्ही मला सारखं "बोल, बोल" म्हणता ना, एकदा आमच्या आंब्याचा जीव माझ्या बोलण्यावर अडकला होता.

बाबा चांदूरहून सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले होते. आंब्याची वाळकी फांदी उतरवायला झाडं छाटणारे सोनाजीकाका आले. कमरेला दोर बांधून ते वर चढले, करवतीने फांदी कापली, जखमेवर शेणमाती लिंपली आणि खाली उतरले. मग एकाएकी त्यांनी बुंध्यावर कुऱ्हाड उगारली.

"तीन सालं झाले, एक आंबा नाही! आज तुले तोडतोच!" असं झाडाला म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले.

मला काहीच समजेना. बाबा तर फक्त फांदीचं बोलले होते.

"तोडू काय?" ते ओरडले.

"बाबा संध्याकाळी येतील," मी म्हटलं. "त्यांना विचारून सांगते."

"तवरक कुऱ्हाड वरतीच धरू काय, माय? अवं, झाडाले भेव दाखवून राहिलो मी! तुनं म्हनाचं, तोडू नोका, पुढच्या साली आंबे लागतीन, मी जामीन. मंग झाड फळते."

त्यांनी पुन्हा कुऱ्हाड उगारली. मी तसं म्हटलं.

"झाडाले ऐकू गेलं पायजे ना!"

मी परत तितक्याच हळू म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दोर गुंडाळला.

पुढच्या उन्हाळ्यात आंबे लागले, पण मी उभी होते त्याच बाजूला. बाबा चक्रावले. सोनाजीकाकांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिकडल्या फांद्यांले तुहं बोलनं पोचलंच नाही, माय."