मोठा चौक, छोटा चौक

जूनमधली सकाळ, कसबा पेठेतला दातांचा दवाखाना. माझ्या शेजारी दोघी शेजारणी. कुमुदताई डेन्मार्कला लेकाकडे, ऋषीकडे, राहून नुकत्याच परतलेल्या. मोबाइल त्यांच्याच हातात, तिथले फोटो उघडलेले. मालनताईंचा गाल सुजलेला, पण तोंड चालू.

“हे आरहूस शहर. हा स्टोरे टोर्व्ह, तो लिले टोर्व्ह.”

“म्हणजे काय?”

“मोठा चौक आणि छोटा चौक.”

“नावं ठेवायचाही कंटाळा! आमच्याकडे एकेका चौकाला तीन-तीन नावं असतात.”

“खूप जुने आहेत हो. पूर्वी तिथं बाजार भरायचा.”

“मग मंडईत काय कमी होतं? चौक बघायला विमानानं गेलात.”

“हॉर्न म्हणून ऐकू येत नाही.”

“माणसं तरी आहेत का?”

“आहेत ना. बाकांवर निवांत बसलेली असतात.”

“कामधंदे नसतील.”

“ऑफिसं चारला सुटतात. ऋषी थेट चौकात यायचा. हा बघा, याच बाकावर बसायचो आम्ही दोघं.”

“रोज?”

“रोज.”

“आणि बोलायचात काय एवढं?”

“काही नाही. कबुतरं बघायचो.”

“कबुतरं! त्यापेक्षा आमचा संतोष इथंच खराडीत आहे तेच बरं. केव्हाही येऊ शकतो.”

“आज आलाय का सोबत?”

“मीटिंग आहे त्याची. गणपतीत येऊन गेला की.”

“मालनताई, आत बोलावतायत तुम्हाला.”

“जाते. तो फोटो दाखवा बघू परत.”

“मोठ्या चौकाचा?”

“चौक राहू दे हो. बाकाचा.”