नांगराची मूठ

— माफी? मागीन ना बाई, मी कुठं नाही म्हणून राह्यली? पंच चावडीवर बसलेच हायेत, आता बोलावणं येईनच. तुम्ही लालबर्राहून एवढ्या उन्हात आल्या, आधी पाणी प्या. पण मले एक सांगा — तुमच्या आधीच्या ग्रामसेविकाबाईनंच मले धानाचं बियाणं देलतं ना? "मैनाबाई, तुही बांधी तूच पेर, पोरीच्या ताटात तूच वाढ," असं म्हणून गेलती. अन् तुम्ही म्हणता, माफी माग. हौ, समजते मले, गावात राहाचं हाये. पण नुसत्या माफीनं कुठं भागते? पंच म्हणतेत, बाईनं वाहलेली बांधी माणसानं पुन्हा नांगराची, तवाच दोष जाईन. पुन्हा नांगरली तं मातीतलं बियाणं मरन का नाही? दुसरं कोन देईन मले? अन् बांधी पुन्हा माह्या भासऱ्याच्या, नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या, हाती जाईन, ते वेगळंच.

धानाचा रोवणा बायाईनं करावा, निंदण बायाईनं, कापणी बायाईनं — तवा काही बिघडत नाही. नांगराले हात लावला का आभाळ रुसते! मृग कोरडा गेला तं माह्या नावानं. मंग मागच्या साली कोनं धरलता नांगर? माणसाईनंच ना? तरी काहून नाही आला पाणी? पुरा गाव राशनची लाल ज्वारी खात होता.

मागच्या सालाचं तं नावच नका काढू. कमलाचे बाबा गेले तवापासून आमची बांधी भासरे वाहात, तिचे मोठेबाबा. जमीन आमच्या वाट्याची, पण धान त्याईच्या कोठीत. सांजच्याले मी सूप घेऊन त्याईच्या दारात उभी राहो. कधी सूपभर देत, कधी "उद्या ये." दुष्काळात तं रोजच "उद्या ये." कमला मोहाची फुलं उकडून खाये, मंग तेही सरले. अन् एक दिवस चुलीपाशी बसल्या बसल्या आडवी झाली पोट्टी. मी म्हणलं, झोपली. उचलाले गेली तं — एवढी हलकी, बाई, का माह्या हाताले पटेच ना — जाऊ द्या. वाचली. खेळून राह्यली तिकडं. पण मी तवाच ठरवलं, आता सूप घेऊन उभी नाही राहाची.

एकटीनंच धरला मी नांगर, हौ, एकटीनंच. पंचाईलेही हेच सांगीन. बैल? बैल भासऱ्याच्या गोठ्यातले, पण कमलाच्या बाबानंच वाढवलेले. नवख्या हाताखाली ते कुठं चालतेत? अडूनच बसले, तं अंजनाबाई पुढं होऊन —

कोन? कोनी नाही. मी कोनाचं नाव घेतलं? नाही, बाई... दार लोटा जरा.

ऐकलं तं ऐकलं. पण माह्या कमलाची शपथ घेऊन सांगा, हे बाहेर नाही जाणार. अंजनाबाई माही मोठी जाऊ, भासऱ्याचीच बायको. पहाटे तिनंच बैल सोडून आणले. मी म्हणलं, "जाऊबाई, तुमची कोठी तं भरली हाये, तुम्ही काहून या फंदात पडता?" तं म्हणे, "कोठी भरली हाये मैना, पण किल्ली त्याईच्या कमरेले. तुह्या कमलाले मूठभर तांदूळ देलते, तं पाठीवर काठी बसली माह्या." अन् मंग माह्या हातातून नांगराची मूठ घेतली तिनं. अर्धी बांधी तिनंच वाहली, बाई. तिचं नाव निघालं तं भासरे तिले घराबाहेर काढतीन. माहेरी कोनी उरलं नाही तिचं, कुठं जाईन? म्हणून म्हणते, गलती माही एकटीची. पंचाईनं माह्या डोक्यावर जोडे ठेवले तरी चालन, पण तिचं —

थांबा. गलका कायचा होऊन राह्यला? बाया काहून धावून राह्यल्या? ओ गोदाबाई! कुठं चालल्या? चावडीवर? काहून? कोन उभी हाये?

अंजनाबाई?

काय म्हणते? "मीच धरला" म्हणते? भासऱ्यासमोर? पंचाईसमोर?

सरका बाई. दारातून सरका म्हणलं ना! माफी-बिफी राहू द्या आता. याचं असन तं माह्या मागं या, नाही तं इथंच बसा. ती तिथं एकटी उभी हाये.