प्रोसेसरचा ताप

आईचे उपकार सगळेच सांगतात रे, पण माझ्या आईनं माझ्या प्रोसेसरचाही ताप उतरवलाय. मालवणात सीडीवरून गेम टाकायचो तेव्हाची गोष्ट. गाड्यांचा गेम अडखळायचा, म्हणून मी जुन्या प्रोसेसरचा वेग सेटिंगमधून वाढवला. गेम सुसाट पळाला आणि थोड्याच वेळात कंप्युटर तापून बंद!

आई मासळी घेऊन बाजारात निघाली होती. तिनं कंप्युटरला उलटा हात लावला. "अरे, ह्येका ताप इलो!"

मासळीवरचा सगळा बर्फ तिनं परातीत ओतला, परात टेबलफॅनपुढे ठेवली आणि तो गार वारा झाकण काढलेल्या कंप्युटरवर सोडला. कंप्युटर पुन्हा सुरू झाला आणि मी शर्यत जिंकलो.

आई मात्र लवकर परतली. बर्फाविना बांगडे नरम पडले, मिळेल त्या भावात द्यावे लागले. मी माफी मागितली, तर कंप्युटरकडे बोट दाखवून म्हणाली, "बांगडे मेलेलेच होते रे. ह्यो जितो होतो मां!"