पुस्तक रिकामं कसं परत द्यायचं

माझं माहेर लिंबागणेशच्या अलीकडं, गाव एवढुसं, नाव सांगितलं तरी तुमाला ठाव असायचं न्हाई. शाळा सातवीपस्तोर, म्हणून मी बी सातवीपस्तोर. आठवी असती तर आठवी बी शिकले असते, पर नव्हती, आन मंग लगीन झालं आन पाटोद्याला आले. काय सांगू तुमाला, तवापासून भाकरीच थापते. आमच्या ह्यांची रिक्षा हाय, आन मी स्टँडामागच्या खानावळीत भाकरी करायला. हात गुतलेला आसतो पर तोंड मोकळंच, म्हणून मी लई बोलते, कंटाळा आला तर सांगा बरं का, मला राग येत न्हाई. म्हणजे येतो, पर जातो लगीच.

तर वाचायचं कसं लागलं ते सांगते. खानावळीत भाकरीखाली घालायला जुने पेपर येत्यात. तवा तापेपस्तोर मी ते वाचायची. एकदा एक गोष्ट होती, बाई विहिरीवर जाती, घागर ठेवती, मागं वळून बघती तर. तर, आन तिथंच पेपर फाटलेला. आता तर काय? साप होता का नवरा होता का कोण होतं? मला चार दिवस सुचंना, भाकरी जाड व्हायला लागल्या, गिऱ्हाईक वरडायला लागलं. तहसीलातला एक कारकून रोज जेवायला यायचा, तो म्हणला मावशी, कावून जिवाला घोर लावून घेता, समोर माडीवर वाचनालय हाय, जुने पेपर ठेवत्यात तिथं, जाऊन बघा. पंधरा वर्सं झाली मला तिथं, आन ती माडी कशाची हाय हे मी कधी कुणाला पुसलंच नव्हतं.

गेले वर. सगळे बापेच बसलेले, पेपर तोंडापुढं धरून. मला बघून सगळे पेपर खाली आले. टेबलाशी रहीम सर, वाचनालय सांभाळणारे. उंच माणूस, शर्टाचं वरचं बटण बी लावलेलं, रेघ मारायची तर पट्टी घेणार. मी पेपराचं सांगितलं, त्यांनी बिचाऱ्यांनी धुंडाळला बी, पर तो अंक काय गवसला न्हाई. पर तवर मी कपाटं बघितली ना. काचंच्या आत पुस्तकंच पुस्तकं, आन एक बी फाटलेलं न्हाई. मी म्हणलं सर, ही घरी देता का? सर म्हणले कार्ड काढावं लागतं, कुणासाठी पायजे, पोरासाठी? मी म्हणलं न्हाई, माझ्यासाठी. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आन खणातून फॉर्म काढला.

फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. फोटोवाला म्हणला मावशी जरा हसा, मी हसले तर म्हणला एवढं न्हाई. आठ दिवसांनी कार्ड आलं. पिवळं, जाड, वर माझा फोटो, खाली सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव, सुभद्रा. आमचे हे म्हणले एवढं काय त्यात, आधार न्हाई का तुज्याकडं? मी म्हणलं आधार सरकारनं मागितलं म्हणून काढलं, हे मी मागितलं म्हणून मिळालं. खरं सांगते, जन्मात मी सोताहून मागितलेली आन मिळालेली ती पहिली वस्तू. दिवसातनं चारदा बघायची मी ते. पिठाचे हात पुसून बघायची.

आता घोळ कुठं झाला ते ऐका. आमच्यात कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत देत न्हाईत. वाटीभर ताक आणलं तर वाटीत दोन मिरच्या घालून द्यायच्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. तुमच्यात बी आसंल. मंग पहिलं पुस्तक वाचून झालं, द्यायला निघाले, आन हात कसा तरीच वाटायला लागला. दुसऱ्याची वस्तू, आठ दिवस घरात ठेवली, आन अशीच परत द्यायची? फडक्यात पुस्तक बांधलं आन वर भाजलेल्या शेंगा. सरांनी गाठ सोडली, म्हणले हे काय? मी म्हणलं पुस्तक. म्हणले पुस्तक मला दिसतंय, हे दुसरं? हे नियमात बसत न्हाई मावशी. आता पाव्हणा बी नको नको म्हणतोच की, म्हणून आपण वाढायचं थांबतो का? मी शेंगा टेबलावर वतल्या, फडकं झटकलं आन दुसरं पुस्तक घेऊन खाली आले.

मंग दर शनिवारी चाललं. कधी बोरं, कधी धपाटं, कधी कुरडया. सर दर वेळी नियम सांगायचे, मी दर वेळी हो म्हणायची. ते पेपरवाले बापे सुदिक, आधी मला बघून तोंड लपवायचे, ते आता शनिवारी सकाळपसून खुर्च्या धरून बसायचे. सर सगळ्यांला वाटायचे, सोता एखादंच उचलायचे, आन मला फडकं चार घड्या घालून परत द्यायचे. असे पाच म्हैने गेले.

एका शनिवारी मी तिळगुळाचे लाडू नेले. सर मीटिंगला बीडला गेलते, शिपाई एकटाच. मी म्हणलं हे सरांचं हाय, त्यांलाच द्या. शिपाई लई इमानी, त्यानं गाठ बी सोडली न्हाई, पुस्तकासकट लाडू कपाटात ठेवून कुलूप घातलं. मला त्यानं नवी कादंबरी दिली, ही जाडजूड. आन सोमवारी वाचनालयाचे अध्यक्ष एका मोठ्या पाव्हण्याला घेऊन आले. म्हणले बघा आमची दुर्मिळ पुस्तकं, आन कपाट उघडलं. मुंग्या! वरच्या फळीपसून खालच्या फळीपस्तोर मुंग्यांची रांग, आन पाव्हण्यानं पुस्तक हातात घेतलं ते झटकत झटकतच जिना उतरला म्हणं.

मला सरांनी बोलावलं. मान खाली घालून म्हणले, मावशी, कार्ड जमा करायला सांगितलंय. नाव कमी करणार हायत. घरी जे पुस्तक हाय ते शनिवारी आणून द्या. मी कमरेची पिशवी काढली, कार्ड दिलं, एक शब्द बोलले न्हाई. मी बोलले न्हाई म्हणल्यावर तुमीच समजा. खानावळीत येऊन चुलीम्होरं बसले आन रडले, लई रडले, गिऱ्हाईक म्हणलं धूर झालाय का. आमचे हे म्हणले, मुंग्यांच्या नावावर कर ते कार्ड. त्या दिवशी मी ह्यांला भाकरी वाढली, पर कोरड्यास वाढलं न्हाई.

आन कादंबरी निम्मीच झालती. त्यातली सून भांडून म्हायेरी गेलती आन वाटंतच गाडी बंद पडलेली. पर वाचावं वाटंना. शनिवारी तशीच घेऊन निघाले, नुसती, बिनफडक्याची. जिन्याखाली मी किती येळ उभी व्हते माहीत न्हाई. कार्ड गेलं ते गेलं, पर हात हालवत वर जायची मला लाज वाटत होती. शेवटी गेले, टेबलावर ठेवली, म्हणलं घ्या सर, या वेळेला रिकामी हाय, मोजून बघा मुंग्या.

सर उठून उभे राहिले. खणातनं माझं फडकं काढलं, लाडवाचं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, आन त्यात काहीतरी बांधलेलं. म्हणले मावशी, घरी सगळं सांगितलं तर आमच्या घरचीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणली पाच म्हैने त्या बाईचं खाल्लं, आन तिचं फडकं रिकामं धाडत होतात? आन वरून तिचं कार्ड बी ठेवून घेतलं? शिकले सवरलेले तुमी, कुणाच्या घरी वाढलात? मी गाठ सोडली. शेवयांचा डबा, तूप सुटलेला, आन डब्याखाली माझं कार्ड. सर म्हणले अध्यक्षांला मी लिहून दिलंय, पुन्हा मुंगी दिसली तर माझ्यावर कारवाई करा. आन ही कादंबरी परत न्या, त्या सुनंचं काय झालं ते वाचल्याबगर मी जमा करणार न्हाई.

त्याला आता वर्स झालं. वर जिन्यात पाटी लागली हाय, खाद्यपदार्थ आणू नयेत, ती माझ्यासाठीच हाय हे सगळ्या पाटोद्याला म्हायती हाय. मी पाळते. वर पुस्तक नुसतं देते, आन डबा सरांच्या घरी, दारातनं. तिकडनं डबा भरूनच येतो, मंग मी भरून देते, हे आता आमा दोघींच्यानं थांबायचं न्हाई.

गेल्या म्हैन्यात नवी कार्डं आली. सर म्हणले जुनं जमा करा, त्याबगर नवं देता येत न्हाई, नियम हाय. मी जुनं काढलं, आन काय झालं कुणाला ठाव, हातातनं सुटंना. सर हात म्होरं करून बसलेले, मी कार्ड छातीशी धरून उभी, मागं सगळे बापे पेपर खाली करून बघायलेत. मी म्हणलं सर, नवं नका देऊ, पर हे न्हाई द्यायची मी. सरांनी रजिस्टर वढलं, पट्टी ठेवून रेघ मारली, आन माझ्यादेखत, माझ्या हातातल्या कार्डाकडं बघत बघत, माझ्या नावाम्होरं लिहिलं, जुने कार्ड हरवले. आन नवं दिलं. त्या माणसानं जन्मात एकच खोटं लिहिलं आसंल, ते माझ्यापायी. त्यांचा अल्ला त्यांला माफ करो, आन माझा देव त्यांला शंभर वर्सं देवो.