कातळसड्यावरचं बंद पडलेलं मशीन

विषय: दिवस मावळल्यावर कातळसड्याच्या वाटेने न जाण्याबाबत.
संदर्भ: दिनकर घडशी मिस्त्री यांनी माझ्यासमोर केलेले तोंडी निवेदन. निवेदन करताना मिस्त्री प्यायलेले नव्हते.

बसा जवळ. ऐका.

हा दिनकर म्हणजे पंप, फवारणीयंत्र, जे काही दोरी ओढून सुरू होतं ते दुरुस्त करणारा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. घराला स्वतःच कुलूप लावायचं, स्वतःच काढायचं. त्या दिवशी पलीकडच्या वाडीतला पंप सुरू करून दिला आणि दिवेलागण झाल्यावर एकटाच निघाला. सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, ना झाड ना घर. मधे एक आंब्याची बाग, तेवढीच.

बागेपाशी आला तर कोणीतरी मशीनची दोरी ओढतंय. ओढतंय, ओढतंय, मशीन काही धरत नाही. मिस्त्रीच तो, पाय थांबणारच.

बॅटरी मारली. बागेचा राखणदार तानू भुवड, पुढ्यात गवत कापायचं मशीन. म्हणाला, बघा जरा.

आता तुम्ही म्हणाल, तानू तर त्या सालच्या मिरगाआधीच मेला. मेलाच. अकरा वर्षं त्या बागेत एकटा. मशीनचा आवाज आला की गाव म्हणायचं, तानू आहे. आवाज थांबला, हे गावाच्या लक्षात आलं चौथ्या दिवशी. दिनकरनेही ऐकलं होतं, विसरला. जिवंत असताना तरी तानू कोणाच्या लक्षात होता?

दिनकरने प्लग काढला. ओला. पुसला, पॉलिश पेपरने घासला, बसवला. मशीन धरलं. हा उठला, तशी मशीन बंद.

बरं, पेट्रोल येत नसेल. कार्बोरेटर उघडला, तोंडाने फुंकला. सुरू झालं. याने पिशवी खांद्याला लावली, बंद. पिशवी खाली ठेवली, आपोआप सुरू. ऐकताय ना?

तिसऱ्यांदा याने पुन्हा प्लग काढला. प्लग हातात, आणि मशीन चालू. प्लगशिवाय चालू. मागे चूल पेटलेली, चुलीजवळ दोन ताटं वाढलेली. मनगटावर हात पडला. गार, विहिरीच्या तळाच्या दगडासारखा.

तानू म्हणाला, "घाई काय मिस्त्री? घरी कोण वाट बघतंय?"

सगळा घात इथे. दिनकर मला म्हणाला, भाऊ, त्याचं बोलणं खोटं वाटलं नाही. गुडघे आपोआप वाकायला लागले. बसला असता तर दुसरा राखणदार झाला असता, आणि आपल्याला कळायला या खेपेला चार दिवस नाही, महिना लागला असता.

वाचवलं कोणी? देवाने नाही, सवयीने. वीस वर्षं गिऱ्हाइकाला जे सांगून वाटेला लावायचा, तेच तोंडातून गेलं. "पार्ट मागवावा लागेल."

"कधी येईल?"

"मशीन अनुदानातलं. आधी पंचायतीत अर्ज द्यावा लागतो."

हात सुटला. अनुदान म्हटल्यावर मेलेल्याचाही इलाज चालत नाही. दिनकर पळत सुटला. पाठीमागे दोरी ओढल्याचा आवाज गावकुसापर्यंत येत होता.

सकाळी पंचायतीचं ऑफिस उघडलं तर माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, टेबलावर कागद. पेट्रोलचा वास, अक्षर वेडंवाकडं. मशीन नादुरुस्त आहे, वगैरे. खाली एक ओळ: पार्ट मिळाला नाही तरी चालेल, माणूस पाठवावा.

मी आवक क्रमांक टाकला. नियम आहे. दिनकर आता पोरीच्या गावी राहतो, वाट तर सोडाच, तालुकाही बदलला त्याने. तेव्हा त्या वाटेने जाऊ नका. गेलात तर तिकडे असं समजलं जाईल, की पंचायतीने माणूस पाठवला.

माझ्यादेखत तीन ग्रामसेवक बदलले, मीही निवृत्त झालो. कोणाला पाठवायचं ते ठरलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.